गिलाव्याच्या पलीकडे

घटस्थापनेला चार दिवस राहिले होते आणि मी स्वयंपाकघर आवरायला काढलं होतं. ओट्यावरची टांगती कपाटं बाहेरून पुसून झाली. मग स्टुलावर चढून त्यांच्या माथ्यावरचा तेलकट थर काढायला लागले. फडकं मागच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथून खाली सरकलं. भिंत आणि कपाट यांच्यात फट होती.

चार वर्षांपूर्वी कपाटं बसवली तेव्हा ती भिंतीला चिकटून होती, हे मला नक्की आठवतं, कारण त्या सांध्यात मिस्त्रींनी पुट्टी भरलेली मी पाहिली होती. आता त्या पुट्टीला केसासारखी नाही, चांगली बोट फिरवून कळेल अशी चीर होती. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. वरच्या कडेला तीन कार्डं एकावर एक धरून आत गेली. खालच्या कडेला एकही गेलं नाही. म्हणजे कपाट खाली टेकलेलं होतं आणि वरून पुढे येत होतं. बरोबर त्याच्याखाली गॅस आहे, आणि गॅससमोर सकाळी आई उभी असते.

त्या दिवशी आवराआवर तिथेच थांबवली आणि कपाट रिकामं केलं.

रिकामं करताना एकेक डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहीत गेले. तांदूळ, दोन डाळी, साखर, गूळ, आईचे पितळेचे पाच डबे, लोणच्याच्या तीन चिनी मातीच्या बरण्या, आणि सगळ्यात वरच्या फळीवर लोखंडी खलबत्ता, जो आम्ही वर्षातून दोनदा काढतो. एकूण ४३ किलो. कपाट तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एक फूट खोल, १८ मिलिमीटर प्लायवुडचं. त्याच्या सगळ्या फळ्यांचं क्षेत्रफळ काढून, प्लायवुडचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलो धरलं, तर कपाट स्वतःच २२ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे साधारण ६५ किलो. एक मोठं माणूस भिंतीला टांगावं इतकं वजन चार स्क्रूंवर होतं.

दादाला बोलावलं. दोघांनी मिळून ओट्यावर पाट आणि फळ्या रचून कपाटाखाली टेकू दिला आणि वरचा एक स्क्रू हळूहळू सोडवायला घेतला. तो सोडवावाच लागला नाही. चार आटे फिरले आणि स्क्रू, त्याच्यावरची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात बसवतात ती नळी), आणि तिच्याभोवती करडी माती, असं सगळं एकत्र हातात आलं. दुसरा वरचा स्क्रूही तसाच. खालच्या दोनपैकी एकाचं डोकं पेचकसाचा जोर लागताच तुटून पडलं आणि दांडा भिंतीतच राहिला.

हातात आलेला स्क्रू काळा होता, दीड इंची. हा स्क्रू मुळात जिप्समच्या बोर्डासाठी असतो, फॉल्स सीलिंगवाले वापरतात तो. आपल्याकडे तो स्वस्त, टोकदार आणि ड्रिलने झटकन आत जाणारा म्हणून सगळीकडे वापरला जातो. पट्टीने मोजायला बसले. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. कपाटाच्या मागची आडवी पट्टी १८, मागचा पातळ प्लाय ६, असे २४ मिलिमीटर कपाटातच गेले. राहिले १४. म्हणजे चार वर्षं ६५ किलो धरून ठेवायला भिंतीत वरच्या स्क्रूंचे फक्त १४ मिलिमीटर होते.

मग भोकात काडी घालून पाहिलं. बाहेरचा भाग करडा, खरखरीत. काडी अजून आत रेटली तर टोकाला पांढुरकी भुकटी लागून आली. मोबाइलच्या उजेडात भोकाच्या कडेला दोन रंगांची हद्द स्पष्ट दिसली, साधारण १६ मिलिमीटरवर. बाहेरचा करडा भाग सिमेंटचा गिलावा होता. स्क्रू १४ वर थांबला होता. तो भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता.

गिट्टी मात्र ३५ मिलिमीटरची होती, म्हणजे ती गिलावा ओलांडून आत गेली होती. मग तिने का धरलं नाही? उत्तर ती उलटीसुलटी करून पाहिल्यावर मिळालं. गिट्टी फाकते ती स्क्रू जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच. तिचे पंख आणि खाचा टोकाच्या बाजूला असतात, कारण स्क्रू शेवटपर्यंत जाऊन टोक फाकवेल आणि ते टोक आत घट्ट अडकेल, अशी तिची रचना आहे. आमच्या गिट्टीत स्क्रू तोंडाशीच थांबला होता. टोक नव्या गिट्टीइतकंच बंद होतं. भिंतीच्या आतला तिचा सगळा भाग नुसता भोकात पडून होता, आणि फाकलेलं तोंड होतं ते गिलाव्यात. भोकही गोल राहिलं नव्हतं. वजनाने खाली घासत घासत ते लंबगोल झालं होतं.

ज्या मिस्त्रींनी ही कपाटं केली त्यांच्या सुतारकामाला मी आजही नावं ठेवणार नाही. दारं अजून एका रेषेत आहेत, एकही कोपरा सुटलेला नाही, सनमायका कुठे उचललेला नाही. लाकूड त्यांना कळत होतं. भिंतीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही तेव्हा सनमायक्याच्या रंगावर तीन रविवार घालवले, स्क्रूबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं. तिथल्या जुन्या घरात भिंती दीड फूट जाडीच्या, जांभ्या चिऱ्यांच्या. तिथे स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेलं काही नव्हतंच. भिंतीच्या पोटात फडताळं होती, कोनाडे होते. डबे, बरण्या, तेलाची बुधली सगळं भिंतीच्या आत, म्हणजे वजन थेट चिऱ्यावर. आता भिंती चार आणि सहा इंचांच्या झाल्या, फडताळ भिंतीच्या पोटातून निघून तिच्या छातीवर आलं, आणि सगळा भार स्क्रूच्या आट्यांवर आला.

पांढरी भुकटी पाहून भिंत कसली आहे ते कळलं होतं. आमची इमारत एएसी ब्लॉकची आहे. सिमेंट, चुना, राख आणि थोडी ॲल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण फुगवून, मग वाफेच्या दाबाखाली पक्कं करून हे ब्लॉक बनतात. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हे तंत्र निघालं. ॲल्युमिनियममुळे आत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पाव फुगतो तसा ब्लॉक फुगतो. म्हणूनच तो हलका असतो. गच्चीच्या जिन्याखाली बिल्डरच्या वेळचा एक तुटका ब्लॉक पडून होता, तो आणून बादलीभर पाण्यात टाकला. तो तरंगला. त्यावर अंगठ्याच्या नखाने रेघ ओढली तर ओरखडा उमटला. विटेवर किंवा काँक्रीटवर असं होत नाही. माझ्या स्वयंपाकघराची भिंत पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूची आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर मग स्क्रू निवडण्याचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. काढलेला स्क्रू, गिट्टी आणि ब्लॉकचा तुकडा पिशवीत घेतला होता. पहिल्या दोन दुकानांत स्क्रू दाखवल्याबरोबर "याच्यापेक्षा लांब देतो, अडीच इंची" असं उत्तर आलं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्क्रूकडे पाहिलंच नाही.

"ताई, भिंत कसली आहे?"

मी ब्लॉकचा तुकडा काउंटरवर ठेवला. त्यांनी तो उचलून हातात तोलला आणि म्हणाले, "मग आधी गिट्टी ठरवू. स्क्रू गिट्टीच्या मागून येतो."

पुढचा तासभर मी त्या काउंटरशी होते. गिऱ्हाईक आलं की ते त्याला द्यायचे आणि पुन्हा माझ्याकडे वळायचे. त्यांनी सांगितलेलं आणि मी नंतर घरी करून पाहिलेलं, दोन्ही आता माझ्या मनात एकत्रच आहे.

स्क्रूचे नंबर आधी समजून घेतले. ६ नंबर म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाड, ८ म्हणजे सव्वाचारच्या जरा आत, १० म्हणजे पावणेपाचच्या जरा वर, १२ म्हणजे साडेपाच. नंबर वाढला की जाडी वाढते. विजेच्या तारेच्या गेजमध्ये हे उलटं असतं, तिथे नंबर वाढला की तार बारीक होते, त्यामुळे घरात दोन्ही कामं चालू असली की घोटाळा होतो. मिस्त्री लोक ड्रिल आणि गिट्टी सुतात सांगतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरच्या थोडं वर. "दोन सुताचा बिट" म्हटलं की ६ मिलिमीटरच्या पुढचा. मी सगळं मिलिमीटरमध्ये लिहून घेतलं, कारण आपल्याला बेरीज करायची असते आणि इंच, सूत, नंबर एकत्र मिळवताना चूक होणारच.

मग काळ्या स्क्रूचा विषय. काकांनी एक काळा स्क्रू आणि एक साधा लाकडाचा स्क्रू शेजारी शेजारी शिकंज्यात पकडून पक्कडीने वाकवला. काळा जरा वाकला आणि टकदिशी तुटला. साधा वाकत गेला, वाकत गेला, तुटला नाही. काळा स्क्रू कडक केलेला असतो, म्हणून तो पटकन घुसतो, पण आडवा भार आला की वाकून सूचना न देता तुटतो. माझ्या खालच्या स्क्रूचं डोकं का उडालं ते तिथे समजलं. शिवाय त्याच्यावरचा काळा थर ओलाव्यापुढे फार टिकत नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरात कुकरच्या वाफा रोजच्या. तुटलेल्या दांड्यावर गंज होताच. टांगत्या कपाटासाठी काळा स्क्रू कोणी वापरत असेल तर त्याचा हात धरावा, इतकं मी आता ठामपणे म्हणते.

विटेची भिंत असती तर काकांनी ८ किंवा १० मिलिमीटरची चांगली नायलॉनची गिट्टी आणि तिच्या टोकापर्यंत पोचेल असा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू दिला असता. काँक्रीटची असती, म्हणजे कॉलम किंवा बीम, तर लोखंडी अँकर फास्टनरही चालला असता. एएसीमध्ये तोच अँकर घातक. तो फाकताना बाजूला एवढा दाब देतो की ब्लॉकचे बुडबुडे चुरडले जातात, आणि आपल्याला वाटतं आवळला गेला, पण तो आपणच केलेल्या पिठात बसलेला असतो. एएसीला दाब थोडा थोडा, लांब अंतरावर वाटला गेला पाहिजे. त्यासाठी दोन प्रकार त्यांनी काढून दाखवले. एक, ब्लॉकसाठीच केलेली जाड गिट्टी, जिच्या अंगावर पिळदार पंख असतात आणि जी ठोकून आत बसते. दुसरी, लांब नायलॉनची नळी असलेली गिट्टी, स्क्रूसकट मिळणारी, खिडक्यांच्या चौकटी बसवायला वापरतात ती. तिची नळी कपाटाच्या पट्टीतून, गिलाव्यातून आरपार जाते आणि फाकणारा भाग फक्त शेवटी, पार आत असतो.

मला दुसरी पटली, कारण माझं दुखणं गिलाव्याचं होतं आणि हिच्यात गिलाव्यावर भिस्तच नव्हती.

लांबी ठरवायला काकांनी मला कागद दिला. पट्टी १८, मागचा प्लाय ६, गिलावा १६. बेरीज ४०. हे ४० मिलिमीटर धरायच्या कामाचे नाहीत, त्यांचा हिशेब शून्य. त्यापुढे ब्लॉकमध्ये किती हवं? मी ६० म्हटलं, ते म्हणाले भिंत सहा इंची असेल तर ८० जाऊ द्या. ४० आणि ८० मिळून १२०. म्हणून १० मिलिमीटर जाड, १२० मिलिमीटर लांब गिट्टी आणि तिचा स्वतःचा ७ मिलिमीटरचा स्क्रू. दीड इंची काळ्या स्क्रूशेजारी तो ठेवला तेव्हा तिपटीहून लांब होता.

या गिट्टीचा इतिहास मी त्या रात्री वाचत बसले. आपण सर्रास ज्याला रावल प्लग म्हणतो ते नाव इंग्लंडच्या जॉन जोसेफ रॉलिंग्स यांच्यावरून आलं. त्यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची गिट्टी काढली. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची जोडणी करायची होती आणि भिंतींची मोडतोड नको होती, ही त्यामागची गरज. त्याआधी भिंत फोडून लाकडाचा गुटका बसवायचा आणि त्यात स्क्रू मारायचा, हीच पद्धत होती. माझे वडील १९८० च्या दशकातही तसंच करायचे, सागवानी गुटका तासून, सिमेंटमध्ये बसवून. नायलॉनची फाकणारी गिट्टी १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी काढली. एवढीशी वस्तू, पण तिच्यामागे एकच विचार आहे. स्क्रू भिंतीला धरत नाही, तो गिट्टीला धरतो आणि गिट्टी भिंतीला. दोन्हीकडे पकड हवी.

ओढ किती येते याचाही हिशेब केला, कारण मला नुसतं "भक्कम" हा शब्द पुरत नव्हता. पुढे कलणारं कपाट खालच्या कडेवर बिजागरीसारखं फिरतं. वजनाचा मध्य भिंतीपासून साधारण १५० मिलिमीटर, वरचे स्क्रू खालच्या कडेपासून ५५० मिलिमीटर वर. ६५ गुणिले १५० भागिले ५५०, म्हणजे सुमारे १८ किलो. दोन स्क्रूंना प्रत्येकी ९ किलो बाहेरची ओढ. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण तो चार वर्षं, रात्रंदिवस असतो. त्यात दारं उघडली की वजन आणखी पुढे येतं. जड बरणी पुढच्या कडेला ठेवली की येतं. आई स्टुलावर चढताना कपाटाची कड धरते तेव्हा तर तिचा भार थेट त्या दोन स्क्रूंवर येतो. आणि ही ओढ कपाटाच्या खोलीबरोबर वाढते. मोठी ताटं मावावीत म्हणून कोणी १५ इंच खोल कपाट करत असेल, तर आत सामानही जास्त मावणार आणि ते भिंतीपासून लांबही असणार, दोन्हींनी ओढ वाढणार.

नवे मिस्त्री शेजारच्या सोसायटीतल्या कामावरून मिळाले. वयाने साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांना मी कागद दाखवला, त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "ताई, आधी एक भोक बघून घेऊ. कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी."

दोन भोकं केली. एक ड्रिलचा हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोकायचा खटका, चालू ठेवून, जसं सगळे करतात. दुसरं हॅमर बंद करून, नुसतं फिरवून. हॅमरच्या भोकाचं तोंड ढासळलं, आत पोकळी मोठी झाली, गिट्टी हाताने आत गेली आणि हातानेच बाहेर आली. नुसतं फिरवून केलेल्या भोकात गिट्टी हातोडीने हलके ठोकत न्यावी लागली. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली होती, म्हणजे भिंतीतून आरपार जायची भीती नाही. भोकातली भुकटी मुलाच्या सायकलच्या पंपाने फुंकून काढली. ती आत राहिली तर गिट्टी ब्लॉकला नाही, भुकटीला धरते.

मग प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा, जो ५० किलोपर्यंत दाखवतो, तो स्क्रूला अडकवला आणि दादाने भिंतीला पाय लावून सरळ बाहेर ओढला. हॅमरच्या भोकात जाड स्क्रू पिळून कशीबशी आवळलेली गिट्टी २२ किलोला सुटून आली. दुसरी ४५ किलोपर्यंत ओढली, गिट्टीच्या तोंडाशी पेन्सिलने केलेली खूण हललीसुद्धा नाही. घरच्या काट्याची ही चाचणी प्रयोगशाळेची नाही, पण एकाच भिंतीत, एकाच गिट्टीने, फक्त एका खटक्यामुळे एवढा फरक पडतो हे मी स्वतः पाहिलं. मिस्त्री त्यानंतर दिवसभर ड्रिल भिंतीला लावण्याआधी तो खटका दोनदा तपासत होते.

भोकांच्या जागा ठरवताना विजेच्या नळ्यांचा विचार करावा लागला. गिलाव्याआधीचे फोटो आमच्याकडे नाहीत, कारण घर तयार घेतलं होतं. नळ्या साधारणपणे स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा आडव्या जातात, म्हणून चिमणीच्या आणि मिक्सरच्या पॉइंटच्या रेषेपासून दोन्हीकडे अर्धा फूट सोडला, मुख्य स्विच बंद केला आणि बॅटरीचं ड्रिल वापरलं. सिंकच्या वरचा पट्टा पाण्याच्या नळीसाठी पूर्ण सोडला.

आणखी एक दोष तेव्हा सापडला. खालचे स्क्रू फक्त ६ मिलिमीटरच्या मागच्या प्लायमधून मारलेले होते, तिथे पट्टीच नव्हती. गिट्टी कितीही चांगली असली तरी स्क्रूचं डोकं पातळ प्लाय फाडून आरपार येऊ शकतं. मिस्त्रींनी आतून खालीही १८ मिलिमीटरची पट्टी लावली, आणि प्रत्येक स्क्रूखाली मोठा वॉशर घातला. चारऐवजी सहा स्क्रू झाले, चार वर आणि दोन खाली. भिंत ओळंब्यात नव्हती, म्हणून दोन ठिकाणी मागे लाकडाची पाचर सारली. तसं न करता स्क्रूने कपाट भिंतीकडे ओढत नेलं असतं तर त्याची चौकट वाकली असती आणि दारं घासली असती. शेवटचे आटे ड्रिलने नाही, पान्याने, हाताने. ब्लॉकमध्ये गरजेपेक्षा एक आटा जास्त दिला की गिट्टी फिरायला लागते, आणि एकदा फिरली की ते भोक गेलं.

दुसऱ्या बाजूच्या भिंतीने मात्र अडवलं. ती न्हाणीघराला लागून असलेली, चार इंची.  तिथे ८० मिलिमीटर आत जाऊन उरणार काय? पलीकडे टाइल आणि शॉवरची नळी. मी रेल लावायचं म्हणत होते, म्हणजे लांब पोलादी पट्टी भिंतीला बऱ्याच ठिकाणी अडकवायची आणि कपाट तिच्यावर टांगायचं. मिस्त्री भिंतीवर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिच्यावर भार टाकूच नका. ओट्यावर टाका."

त्यांनी कपाटाच्या दोन्ही टोकांना १८ मिलिमीटरच्या उभ्या फळ्या ओट्यापर्यंत आणल्या. वजन आता कडप्प्यावर उतरतं. भिंतीतल्या गिट्ट्या, ब्लॉकसाठीच्या पिळदार आणि आखूड, फक्त कपाट पुढे कलू नये म्हणून आहेत. त्या फळ्यांच्या मधल्या जागेत आईने मसाल्याचा डबा आणि तेलाची किटली ठेवली, आणि तिला ती जागा आता घरातल्या बाकी सगळ्या कपाटांपेक्षा जास्त आवडते. माझ्या सगळ्या हिशेबात हे उत्तर नव्हतं. ते मिस्त्रींच्या हातात होतं.

सामान एकदम भरलं नाही. पहिल्या दिवशी दोन वीस लिटरचे पाण्याचे कॅन, म्हणजे ४० किलो, वर कडेला पेन्सिलची रेघ. दुसऱ्या दिवशी रेघ जागच्या जागी. मग डबे, जड खाली, हलके वर. खलबत्ता कायमचा ओट्याखाली गेला. दसऱ्याला, दिवाळीला, संक्रांतीला एटीएम कार्ड घेऊन पाहिलं. कुठेच शिरत नाही.

आमच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर मिळून पाच घरांत त्याच सुमारास कपाटं बसली होती. मी प्रत्येकाकडे जाऊन सांगितलं. दोघांच्या कपाटांना फट नव्हती, पण एक स्क्रू काढून पाहिला तर तोच काळा, तोच दीड इंची. त्यांची कामं झाली. वरच्या काकूंच्या कपाटाला कार्ड दोन गेली. त्यांच्याकडे टाइल छतापर्यंत आहेत, त्यामुळे गिलाव्यात टाइलचे ८ आणि तिच्यामागच्या मालाचे मिलिमीटर मिळवून पुन्हा बेरीज करावी लागली, आणि टाइलला वेगळा, भाल्याच्या टोकाचा बिट लागणार. तो काल आणला. काकूंनी कपाट रिकामं करून ठेवलंय, मिस्त्री शनिवारी सकाळी नऊला येतायत.